हातोडाफेक: जिममध्ये ताकद वाढली, हातोडा मात्र तिथेच

सिंहगडरोडकर · १८ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे आणि बुद्धिबळाचे धागे ढिगाने आहेत, हातोडाफेकीचा शोधून सापडला नाही. म्हणून नवा काढतोय.

लेक अकरावीत आहे. शाळेत गोळा टाकायची. दीड वर्षापूर्वी तिच्या सरांनी "उंची आहे, पाय चपळ आहेत" म्हणत हातात हातोडा दिला आणि गोळा तिथेच सुटला. अठरा वर्षांखालच्या मुलींचा हातोडा ३ किलोचा असतो, तो फेकते. त्यानंतर ४ किलोचा. सर मनापासून शिकवतात, पण त्यांच्याकडे तीसेक पोरं आणि त्यातली बरीचशी धावणारी. हिच्या वाट्याला आठवड्यातून दोन दिवस येतात. उरलेले दिवस मी, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि घराजवळची जिम.

मी वही ठेवतो (बायको हसते). गेल्या नोव्हेंबरपासूनचा हिशेब असा: बॅक स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक) ५५ किलोवरून ८५ वर. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं) ७० वरून १०५. क्लीन (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांपर्यंत) ३२ वरून ४५. तिचं स्वतःचं वजन ५६ वरून ५८. आणि हातोडा ३६.८० मीटरवरून ३८.१० वर.

म्हणजे आठ महिने घाम गाळला आणि हातोडा दोन पावलं पुढे गेला. जिमवाला म्हणतो आणखी ताकद हवी. सर म्हणतात फेकत राहा, येईल. दोघांचंही ऐकतोय आणि काहीच हलत नाही. जाणकारांनी सांगावं, चुकतंय कुठे?

ता.क. जवळच्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर परवानगी मागितली होती. "खड्डे पडतात, आणि शेजारच्या सोसायटीत कुणाला लागलं तर?" असं उत्तर आलं. दुसऱ्या मुद्द्यावर वाद घालता येत नाही. म्हणून बालेवाडी. धायरीहून रविवारी पाऊण तास लागतो. इतर दिवशी किती लागतो ते विचारू नका.

खोडसाळ_पुणेकर · १८ जुलै, रात्री ११:२०

हातोडा म्हणजे खिळे ठोकायचाच ना? खरंच विचारतोय.

सिंहगडरोडकर · १८ जुलै, रात्री ११:३१

पूर्वी तसाच असायचा, लाकडी दांड्याचा. आता धातूचा गोळा, त्याला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला मूठ. नाव तेवढं जुनं राहिलंय.

पेन्शनर_फौजी · १९ जुलै, सकाळी ६:०४

धागा काढलात हे फार बरं केलंत. आमच्या युनिटात हॅमरवाले दोघे होते. मैदानावर ते आले की बाकीचे आपोआप कडेला व्हायचे.

खोडसाळराव, तुम्ही टीव्हीवरच्या महाभारतातला भीम पाहिला असेल. ते प्रवीण कुमार. १९६६ च्या किंग्स्टन राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचं रौप्य त्यांचं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्ण. लोकांना गदा आठवते, हॅमर कुणालाच आठवत नाही. अलीकडचं म्हणाल, तर २०१७ मध्ये नैरोबीच्या जागतिक युवा स्पर्धेत आपल्या दमनीत सिंगने याच खेळात रौप्य आणलं. ५ किलोचा हॅमर, ७४.२० मीटर. त्याची बातमी किती जणांनी वाचली?

सिंहगडरोडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तंत्रवाले देतील. मी फक्त एक विचारतो, तार कधी बदललीत?

बारबेल_बापू · १९ जुलै, सकाळी ९:४०

कोथरूडला जिम चालवतो, पॉवरलिफ्टिंग केलंय, त्यामुळे माझं मत त्या बाजूचं असणार हे आधीच सांगतो.

५८ किलोच्या मुलीचा ८५ चा स्क्वॉट ही सुरुवात आहे, ताकद नव्हे. फेकीच्या खेळात दीडपटीच्या खाली स्क्वॉट असेल तर तंत्राची चर्चा मला लवकर वाटते. इंजीन ८०० सीसीचं आणि चर्चा गिअर कसा टाकायचा याची. आणखी वर्षभर पाया बांधा. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, दोन दिवस क्लीन. अंतर आपोआप येईल.

खोडसाळ_पुणेकर · १९ जुलै, सकाळी ९:५८

बापू, लक्ष्मी रोडला ८०० सीसीसुद्धा जास्त होतात.

गिरकी · १९ जुलै, दुपारी ३:१५

विद्यापीठ पातळीवर हातोडा फेकायचे, तेव्हाची गोष्ट. मुलींसाठी हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तोच मुळी २००० साली सिडनीला. पहिलं सुवर्ण पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्काने घेतलं. ७१.१६ मीटर, वय १७. ती बातमी मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आता सकाळी चार-पाच मुलींना शिकवते, हौस म्हणून.

दादा, वही ठेवता हे उत्तम. तिच्यात आणखी तीन आकडे लिहा. एकाच दिवशी, अंग नीट गरम झाल्यावर:
एकही टर्न (हातोड्यासकट स्वतः घेतलेली गिरकी) न घेता, नुसते वाइंड करून, म्हणजे उभ्या जागी हातोडा डोक्याभोवती फिरवून फेकलेला किती जातो?
दोन टर्नला किती?
तीन टर्नला किती?
प्रत्येकी तीन-तीन थ्रो आणि त्यातला सगळ्यात लांबचा. स्क्वॉटचं नंतर बोलू.

सिंहगडरोडकर · २१ जुलै, रात्री ९:१०

आज रविवार, मोजून आलो. पावसाची भुरभुर होती, फेकायचं वर्तुळ फडक्याने पुसून पुसून फेकले.
नुसते वाइंड: २८.४०
दोन टर्न: ३७.६०
तीन टर्न: ३८.०५

लिहितानाच माझ्या लक्षात आलं. तिसरा टर्न जवळपास फुकटच जातोय ना?

गिरकी · २१ जुलै, रात्री ९:४८

सापडला चोर. पहिल्या दोन टर्नांनी मिळून नऊ मीटर दिले आणि तिसऱ्याने ४५ सेंटिमीटर. पाय, पाठ, ताकद तीच, आणि मुलगी तर तीच आहेच. तिसऱ्या टर्नला ती हातोड्याला काहीच देत नाही, नुसती त्याच्याबरोबर फिरून येते. दहा किलोंनी स्क्वॉट वाढवलात तरी तो टर्न रिकामाच राहील.

जरा विस्ताराने सांगते, कारण व्हिडिओंमध्ये हे घाईत उरकतात. उजव्या हाताने फेकणारीचं सांगतेय. गिरकी डाव्या पायावर होते, आधी टाच आणि मग चवडा. त्या वेळात उजवा पाय हवेत असतो. एका पायावर असताना हातोड्याला जोर देता येत नाही, फक्त त्याच्याबरोबर जाता येतं. वेग वाढतो तो दोन्ही पाय खाली असताना, हातोडा वरून खाली येत असतो तेव्हा. म्हणजे सगळी कमाई एकाच गोष्टीत आहे: उजवा पाय किती लवकर टेकतो. पाय आधी टेकला तर हातोडा मागे, उंच असतो आणि त्याला ढकलायला लांबलचक रस्ता मिळतो. उशिरा टेकला तर हातोडा अर्धा खाली आलेला असतो आणि हाती काही उरत नाही.

आता मला जे वाटतं ते. तिला ताकद आली आणि ती हातोडा ओढायला लागली. हातांनी, खांद्यांनी. आधी ताकद नव्हती तेव्हा बिचारी त्याच्या ओढीला लटकायची, आणि ते बरोबर होतं. व्हिडिओ पाहिल्याशिवाय शपथ घेणार नाही.

तिने फुगडी घातली असेलच. दोघी मागे रेलतात, हात सरळ, वजन एकमेकींवर सोपवलेलं. एकीने कोपर वाकवलं की फुगडी मोडते, आणि जोर जितका जास्त तितकी आधी मोडते. हातोडा म्हणजे फुगडीतली जोडीदारीण. फरक इतकाच की शेवटी तिला सोडून द्यायचं.

व्हिडिओ स्लो मोशनमध्ये काढा. वर्तुळाच्या मागून, त्याभोवतीच्या संरक्षक जाळीच्या बाहेर उभे राहून. साध्या व्हिडिओत पाय टेकल्याचा क्षण दिसतच नाही.

तालमीतला · २२ जुलै, सकाळी ७:३०

फुगडीवरून आठवलं. आमच्या गावी पाखरं हाकायला गोफण असायची. आज्जा सांगायचा, "हात थोडा फिरव, दगड मोठा फिरू दे." ते हेच की.

मी कसब्यातल्या तालमीत जातो. आमच्याकडे करेला (जड लाकडी मुदगल) फिरवतात. खांद्यामागून वजन फिरतं, पण खांदा घट्ट धरलात तर दहा फेऱ्यांत दमता. सैल सोडला तर शंभर होतात. ताईंना विचारतो, हातोडावाल्यांना करेल्याचा उपयोग होईल का?

गिरकी · २२ जुलै, सकाळी ८:०५

थोडा होईल. खांदा मोकळा होतो आणि पकड दमदार होते. पण हातोड्याचं वर्तुळ वेगळं, तिरकं असतं, आणि करेल्यात पाय जागेवरच राहतात. अंग गरम करायला हलका करेला चालेल, मुख्य व्यायाम म्हणून नको. त्यापेक्षा हातोडा घेऊन नुसते वाइंड करत चालणं जास्त कामाचं.

त्रिज्या · २२ जुलै, रात्री ८:२२

गणित शिकवतो, खेळातलं कळत नाही. पण "ओढ" म्हणजे नेमकी किती याचा ढोबळ हिशेब मांडला. हवेचा विरोध सोडून दिलाय.

३ किलोचा हातोडा ३८ मीटर जायला सुटताना वेग सेकंदाला साधारण १९ मीटर हवा, म्हणजे ताशी ६८-६९ किलोमीटर. फिरण्याची त्रिज्या १.६ मीटर धरली तर त्या क्षणी हातोडा मुलीला जवळजवळ ७० किलोच्या वजनाएवढा ओढत असतो. ती स्वतः ५८ किलोची.

गंमत पुढे आहे. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि ओढही वेगाच्याच वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जितक्या टक्क्यांनी अंतर, साधारण तितक्याच टक्क्यांनी ओढ. ४५ मीटरला ८२-८३ किलो होतील. पुरुषांचा ७.२६ किलोचा हातोडा ८० मीटर जातो तेव्हा तीनशे किलोंच्या वर.

बारबेल_बापू · २२ जुलै, रात्री ८:४०

बघा! तीनशे किलो! आणि म्हणे ताकद नको.

गिरकी · २२ जुलै, रात्री ९:०२

ताकद नको असं मी कुठे म्हटलं, बापू? ती कशाला हवी एवढंच म्हणतेय. ही ओढ हातांनी जिंकायची नसते. पाठ सरळ, हात लांब, गुडघे वाकलेले, आणि त्या ओढीविरुद्ध बसायचं. त्याला पाठ, मांड्या आणि पकड लागते. तुमचा स्क्वॉट आणि डेडलिफ्ट इथे उपयोगी पडतात, कबूल. पण ७० किलोंची ओढ पेलायला १०५ चा डेडलिफ्ट आज तरी पुरेसा आहे. अडलंय दुसरीकडे.

सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखचा ८६.७४ मीटरचा जागतिक विक्रम १९८६ मध्ये श्टुटगार्टला झाला, अजून मोडला नाही. तोही तीन टर्नांत, जेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी लित्विनोव्ह चार घ्यायचा. सेदिखचे प्रशिक्षक अनातोली बोंदार्चुक स्वतः १९७२ चे ऑलिंपिक विजेते. त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न लावून धरला: जिममधला कुठला व्यायाम फेकीत उतरतो आणि कुठला उतरत नाही? त्यांच्या मते नवख्याला जवळपास सगळंच उपयोगी पडतं. जसजसं अंतर वाढतं तसतसा बारबेलचा आकडा आणि फेकीचा आकडा यांचं नातं सैल होत जातं. मग जड-हलके हातोडेच ताकदीचं काम करतात.

जपानच्या कोजी मुरोफुशीचं उदाहरण घ्या. २००४ चा ऑलिंपिक विजेता, वजन शंभर किलोंच्या आसपास. या खेळात ते काहीच नाही. तो बारबेलच्या टोकांना हातोडे लटकवून व्यायाम करायचा, म्हणजे वजन कधी स्थिर राहायचंच नाही.

बारबेल_बापू · २२ जुलै, रात्री ९:३०

"नवख्याला जवळपास सगळंच उपयोगी पडतं." हे तुमचंच वाक्य. मुलगी नवखीच आहे. मी माझ्या जागी ठाम.

गिरकी · २२ जुलै, रात्री ९:३४

तो मुद्दा तुमचा. दिला.

मणका · २३ जुलै, दुपारी १:१०

फिजिओथेरपिस्ट आहे. सगळी चर्चा वाचली. पण तिचा दिवस कसा जातो हे कुणीच विचारलं नाही. झोप किती? कंबर दुखते का? फेक आणि जिम सोडून आणखी काय करते?

सिंहगडरोडकर · २३ जुलै, रात्री १०:१५

कॉलेज, क्लास. झोप साडेसहा-सात तास. कंबर "थोडी धरते" म्हणते, महिन्याभरापासून. आणि हो, हे लिहायचं राहिलंच. जूनपासून ढोल पथकात जाते. नदीकाठी सराव असतो, आठवड्यातून पाच संध्याकाळी, अडीच-तीन तास. ढोल कमरेला बांधून.

मणका · २३ जुलै, रात्री १०:२२

हे राहिलंच??

खोडसाळ_पुणेकर · २३ जुलै, रात्री १०:२५

डॉक्टरांचं पुण्यात नवीन दिसतंय. इथे पथक "आणखी काय" यात धरत नाहीत.

मणका · २३ जुलै, रात्री ११:००

मी नारायण पेठेतली आहे, खोडसाळराव. झांज वाजवलीय.

आता गंभीरपणे. ढोल पुढे लटकतो, म्हणून तोल राखायला कंबर मागे कमानीसारखी ताणली जाते. ती अडीच तास तशीच. दुसऱ्या दिवशी तीच कंबर डेडलिफ्ट करते. त्यानंतर हातोडा तिला एकाच दिशेने पिळतो, दर वेळी डावीकडेच. थकलेली कंबर धक्का खाऊ देत नाही, शरीर आपोआप ताठरतं आणि उजवा पाय उशिरा येतो. गिरकीताईंचा चोर आणि माझा चोर एकच असू शकेल.

पथक सोडायला सांगू नका, ती ऐकणार नाही आणि ऐकू नये. ढोलाऐवजी झांज किंवा ध्वज चालेल का ते पाहा. गणपती होईपर्यंत जड डेडलिफ्ट बंद. रोज दोन्ही बाजूंना गिरक्या, उलट्या दिशेनेही, रिकाम्या हाताने. कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या गेल्या तर इथे न लिहिता थेट दाखवायला जा. या वयात एकदा हिमोग्लोबिन पाहून घ्या. आणि जिममध्ये कुणी पावडरचा डबा पुढे केला, तर राज्य स्पर्धा खेळणाऱ्या मुलीने तो लेबल न वाचता तोंडाला लावू नये. उत्तेजकाच्या चाचणीत "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

सिंहगडरोडकरांची_लेक · २४ जुलै, सायंकाळी ५:४०

हाय, मीच ती. बाबांनी मला न विचारता माझा स्क्वॉट जगाला सांगितला, त्याबद्दल घरी वेगळी चर्चा झाली.

ढोल सोडणार नाही. ध्वज घेते, पथकातल्या ताईंशी बोलले. (ध्वज नाचवणं वाटतं तितकं सोपं नाहीये. मनगट तुटतं.)

मला वाटतं ते सांगते. तिसऱ्या टर्नला भीती वाटते. म्हणजे हातोडा इतका जोरात असतो की मी सोडला नाही तर मी जाईन. म्हणून मी त्याला जवळ घेते. व्हिडिओ गिरकी मॅडमना पाठवलाय.

गिरकी · २४ जुलै, रात्री ८:५०

ये बाळ, बरं झालं स्वतः लिहिलंस. तुझ्या त्या एका ओळीत आमच्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा जास्त आहे.

व्हिडिओ पाहिला. पहिला टर्न सुंदर. दुसऱ्याला डोकं हातोड्याच्या पुढे पळतं. तिसऱ्याला कोपरं वाकतात, हातोडा जवळ येतो, वर्तुळ लहान होतं, आणि उजवा पाय टेकेपर्यंत हातोडा अर्ध्या वाटेने खाली आलेला असतो. भीतीने जवळ घेतेस, जवळ घेतल्याने तोल जातो, तोल गेला की भीती वाढते. हे चक्र जिममध्ये मोडत नाही.

सप्टेंबरपर्यंत असं कर. तीन टर्न बंद, पूर्ण बंद. स्पर्धा आली तरी दोनच. गच्चीवर खडूने २.१३५ मीटर व्यासाचं वर्तुळ काढ, मधून एक रेघ, आणि त्या रेघेवर रोज दहा मिनिटं टाच-चवडा गिरक्या. हात समोर सैल, नजर हातांवर. बूट गुळगुळीत तळाचे, खाचांचे नकोत. मैदानावर आठवड्यातून तीन दिवस, वीस-बावीस थ्रो, त्याहून एकही जास्त नाही. आधी ४ किलोचा, तार आखूड करून, सात-आठ थ्रो. तो तुला लटकायला शिकवेल, कारण त्याला ओढून जवळ घेताच येत नाही. मग ३ किलोचा. ३ चा हातात आला की हलका वाटेल आणि पायांना पळावंसं वाटेल, तेच हवंय. दर आठव्या-दहाव्या थ्रोला व्हिडिओ, आणि पाहायचं फक्त एकच: उजवा पाय टेकला तेव्हा हातोडा कुठे होता. अंतर मोजायचं नाही. बाबांची वही कपाटात.

जिम दोन दिवस. क्लीन, फ्रंट स्क्वॉट, उंच पायरीवर एका पायाने चढणं. वजन सत्तर टक्क्यांच्या पुढे नाही, पण वर येताना वेगाने. बापू, तुम्हाला हे पचणार नाही.

बारबेल_बापू · २४ जुलै, रात्री ९:२०

पचत नाही, पण वेगाने उचला हे बरोबर. एक भर घालतो: पकडीसाठी जाड दांड्याला लटकणं. तेवढं ठेवा.

गिरकी · २४ जुलै, रात्री ९:२६

ठेवलं. मस्त सूचना.

पेन्शनर_फौजी · २५ जुलै, सकाळी ६:१०

तारेचं उत्तर अजून आलं नाही.

सिंहगडरोडकर · २५ जुलै, सकाळी ७:४५

काका, खरं सांगतो, दीड वर्षात बदललेली नाही.

पेन्शनर_फौजी · २५ जुलै, सकाळी ८:००

मग आजच बदला. तार स्प्रिंग पोलादाची आणि किमान ३ मिलिमीटर जाडीची, सलग एकच. दोन्ही टोकांचे वळसे नखाने चाचपा, कुठे खाच किंवा गंज लागला तर फेकून द्या. तार तुटते ती मुठीपाशी नाहीतर गोळ्यापाशी, मध्ये क्वचितच. स्पर्धेत फेकताना हॅमर तुटला तर तो थ्रो बाद धरत नाहीत, पुन्हा संधी मिळते. पण तुटलेला गोळा कुठे गेला, हे नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. गोळ्यातली फिरकीही (तार जिला जोडतात तो फिरता भाग) अडकता कामा नये. भोसरीत चांगले लेथवाले आहेत, त्यांच्याकडून साफ करून घ्या.

आणि एक. तुमची मुलगी उजव्या हाताची, म्हणजे लवकर सुटला तर उजवीकडे जातो आणि उशिरा सुटला तर डावीकडे. व्हिडिओ काढणारा बाप कुठे उभा राहतो ते त्यावरून ठरवा. जाळीला हात लावून, टेकून उभं राहायचं नाही. जाळी मागे येते.

त्रिज्या · २५ जुलै, रात्री ९:०५

दोनच टर्न असले तरी, लेकीने तारेची पूर्ण लांबी आणि हात पूर्ण लांब ठेवले तर किती फायदा होतो ते काढलं. गिरकीचा वेग तोच ठेवून त्रिज्या १.५ वरून १.६ झाली, तर अंतर जवळपास चौदा टक्क्यांनी वाढतं. दहा सेंटिमीटर! अर्थात वेग तोच ठेवणं हेच अवघड असणार, त्याला ओढही जास्त लागेल. कागदावर सोपं आहे.

सिंहगडरोडकरांची_लेक · २५ जुलै, रात्री ९:४०

सर, हा आकडा मी गच्चीच्या भिंतीवर लिहिला. आई ओरडली.

सिंहगडरोडकर · २२ सप्टेंबर, रात्री १०:३०

गणपती झाले. धागा वर काढतोय.

कंबर शांत आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वज नाचवला, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोपली. वही खरंच कपाटात होती. काल पहिल्यांदा मोजलं. दोन टर्न: ३९.७०. म्हणजे जुन्या तीन टर्नांपेक्षा जास्त.

या काळात स्क्वॉट ८५ वरून ८० वर आला.

बारबेल_बापू · २२ सप्टेंबर, रात्री १०:४१

शेवटची ओळ वाचून छातीत कळ आली. बाकी अभिनंदन.

गिरकी · २३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

आता तिसरा टर्न परत आणायचा. पण सावकाश. पहिला टर्न मुद्दाम हळू, जवळजवळ कंटाळवाणा. मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा पळता. व्हिडिओच्या चौकटी मोजून प्रत्येक टर्नला किती वेळ लागला ते लिहा. तिसऱ्याला दुसऱ्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तो थ्रो माझ्या लेखी झालाच नाही, अंतर कितीही येवो. पहिलाच टर्न दणकून घेणाऱ्या मुली मी फार पाहिल्यात, तिसऱ्याला त्यांच्याकडे द्यायला काही शिल्लक नसतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा विजेता, कॅनडाचा कॅट्झबर्ग, त्याचा थ्रो पाहा, ८४.१२. सुरुवातीला वाटतं हा काही घाईत नाही.

तालमीतला · २३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

अवांतर: रिओ ऑलिंपिकचा विजेता नाझारोव्ह २०१३ च्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत बालेवाडीलाच फेकून गेलाय. मी तेव्हा शाळेत होतो. तिकडे काय चाललंय ते कळलं नव्हतं, जाळीबाहेर उभं राहून वडापाव खात होतो.

सिंहगडरोडकर · २१ डिसेंबर, रात्री ९:००

अंतिम हिशेब, निदान या वर्षापुरता. नुसते वाइंड: २९.१०. दोन टर्न: ४०.२०. तीन टर्न: ४२.६५. स्पर्धेत, टेपने मोजलेले, पंचांच्या सहीसकट.

स्क्वॉट परत ८५ वर आलाय. बापूंसाठी.

बारबेल_बापू · २१ डिसेंबर, रात्री ९:१२

४२.६५ ला ओढ किती होते हो त्रिज्या सर? ती ओढ कुठल्या पायांनी पेलली ते तरी विचारा कुणीतरी.

त्रिज्या · २१ डिसेंबर, रात्री ९:२५

साधारण ७८ किलो. पाय तिचेच असावेत.

गिरकी · २१ डिसेंबर, रात्री ९:३३

दोन टर्न ते तीन टर्न, अडीच मीटर. आता बोलायला हरकत नाही. अजून दोन मीटर त्यातच पडलेत, कोपरं पूर्ण सुटलेली नाहीत. जानेवारीपासून ४ किलो, पूर्ण तारेने. तिला सांग, पहिले दोन महिने आकडा वाईट येईल, तेव्हा रडायचं नाही.

सिंहगडरोडकरांची_लेक · २१ डिसेंबर, रात्री ९:५०

रडणार नाही. कुणाकडे ४ किलोचा पूर्ण तारेचा हातोडा वापरलेला आहे का? आमचा आखूड तारेचाच आहे, आणि मेरठहून नवीन मागवायचा तर बाबा म्हणतात आधी बारावीचा क्लास.

पेन्शनर_फौजी · २२ डिसेंबर, सकाळी ६:०२

घोरपडीला एकाकडे आहे. गोळा चांगला, तार मी बदलून देतो. रविवारी बालेवाडीला आणतो, आठ वाजता. बाबांना म्हणावं जाळीपासून लांब उभे राहा.